‘स्कॉट्स लॉ’मुळे जीव वाचतात का, हे दोन वर्षांच्या आकड्यांवरून कळेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही शिकागोजवळ राहता, सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करता आणि इलिनॉयच्या ‘स्कॉट्स लॉ’चं मूल्यमापन करणारं टिपण तुम्हाला लिहायचंय. रस्त्याकडेला दिवे लावून उभी असलेली पोलिसांची गाडी, अग्निशमन बंब, रुग्णवाहिका किंवा टो ट्रक दिसला तर शक्य असल्यास लेन बदला आणि वेग कमी करा, असं हा कायदा सांगतो. २०२० पासून त्याचा दंड वाढला. म्हणून २०१९ आणि २०२० चे आकडे शेजारी ठेवून कायदा चालतो की नाही हे सांगता येईल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर असा कायदा आणावा का, हेही.

दोन वर्षांच्या तुलनेवरून सांगता येणार नाही. पण म्हणून तुमचा विषय सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या राज्यांच्या परिवहन विभागांसाठी अशा उपायांचं मूल्यमापन करणं हेच माझं काम आहे, आणि या कायद्यांबद्दल बरंच काही खात्रीनं कळू शकतं. फक्त ते मृत्यूंच्या तक्त्यात शोधून सापडत नाही.

आधी २०१९-२० चा घोळ पाहू, कारण शिकण्यासारखं सगळं त्यातच आहे. २०१९ च्या जानेवारी ते मार्च या काळात इलिनॉय राज्य पोलिसांचे दोन ट्रूपर, म्हणजे महामार्गावर गस्त घालणारे पोलीस, रस्त्याकडेला काम करत असताना गाडीखाली गेले. एक जण अपघाताच्या जागी मदतीला थांबलेला, दुसरी एका ट्रकची तपासणी करत होती. राज्यभर संताप उसळला आणि विधिमंडळानं कायदा कडक केला. पहिल्या गुन्ह्याला किमान २५० डॉलर, दुसऱ्याला किमान ७५० डॉलर. आता असं बघा, महाबळेश्वरात एखाद्या वर्षी विक्रमी पाऊस झाला तर पुढच्या वर्षी तो बहुधा कमीच भरतो, त्यासाठी कुणी काही करावं लागत नाही. कायदे नेमके अशा विक्रमी वर्षांनंतर कडक होतात. त्यामुळे पुढच्या वर्षी आकडा खाली येणं हे आधीच जवळजवळ ठरलेलं असतं. सरासरीकडे परतण्याचा हा परिणाम वजा केल्याशिवाय केलेली कोणतीही ‘आधी आणि नंतर’ तुलना कायद्याला न कमावलेलं श्रेय देते.

त्यात २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली, रस्ते ओस पडले, उरलेल्या गाड्या सुसाट धावू लागल्या. देशभरात गाड्यांचे एकूण मैल दहा टक्क्यांहून जास्त घटले, तरी रस्त्यावरचे मृत्यू वाढले. २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६ हजार लोक रस्त्यांवर मृत्युमुखी पडले होते, २०२१ मध्ये तो आकडा सुमारे ४३ हजारांवर पोहोचला. म्हणजे तुमच्या ‘नंतरच्या’ वर्षात रहदारी वेगळी, वेग वेगळा, पोलीस किती गाड्या थांबवत होते तेही वेगळं. या सगळ्यातून दंडवाढीचा धागा वेगळा काढण्याचं गणित माझ्याकडे नाही, आणि दुसऱ्या कुणाकडे असेल असंही मला वाटत नाही.

ही इलिनॉयपुरतीच अडचण आहे असं समजू नका. बऱ्याच राज्यांनी हे कायदे २००० च्या दशकात केले. त्याच दशकाच्या शेवटी मंदी आली आणि देशातले रस्ते-मृत्यू २००७ मधल्या ४१ हजारांहून अधिकवरून २००९ मध्ये ३४ हजारांच्या खाली उतरले. शिवाय नोव्हेंबर २००८ पासून केंद्राचा निधी मिळणाऱ्या रस्त्यांवर उतरून काम करणाऱ्यांना चमकणारी जाकिटं सक्तीची झाली. २००७ मध्ये कायदा केलेल्या राज्यानं तीन वर्षांनी ‘बघा, फरक पडला’ म्हटलं, तर तो फरक मंदीचा, जाकिटांचा की कायद्याचा?

आता लहान आकड्यांबद्दल. समजा एखाद्या राज्यात अशा घटनांत वर्षाला सरासरी दोन कर्मचारी मरतात. काहीही न बदलता, निव्वळ योगायोगानं, शून्य मृत्यूचं वर्ष साधारण सात-आठ वर्षांतून एकदा येतंच. त्या वर्षी कुणी कायदा केला असेल तर पत्रकार परिषद होते. आता उलट बाजूनं बघा. समजा कायद्यानं धोका खरोखर निम्म्यावर आणला. आधीच्या पाच वर्षांत १० मृत्यू, नंतरच्या पाच वर्षांत ५. कायद्याचा काहीच परिणाम नसतानाही १५ मृत्यूंची अशी किंवा याहून एकतर्फी वाटणी होण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते. कोणताही चोखंदळ परीक्षक म्हणेल, सिद्ध झालं नाही. म्हणजे निम्मे जीव वाचवणारा कायदाही एका राज्याच्या मृत्यूंच्या आकड्यांत दिसणार नाही. ‘आकड्यांत फरक दिसला नाही, म्हणून कायदा निरुपयोगी’ हे वाक्य तुमच्या टिपणात कुठेही येऊ देऊ नका. मला सगळ्यात जास्त काळजी याच चुकीची वाटते, कारण अशा वाक्यांवरून निधी बंद होतो.

मग सगळी राज्यं एकत्र करावी का? करून पाहण्यासारखं आहे. पहिला कायदा दक्षिण कॅरोलायनात १९९६ मध्ये झाला, शेवटचं राज्य हवाई, २०१२ मध्ये. वेगवेगळ्या वर्षी कायदे झाल्यानं, ज्या राज्यात अजून कायदा नव्हता त्याच्याशी तुलना करता येते. पण २०१२ नंतर असं राज्यच उरलं नाही. त्यानंतरचं काही तपासायचं तर कायद्याच्या विस्ताराकडे बघावं लागतं: कुठल्या राज्यानं टो ट्रक कधी आणले, बिघडून उभी असलेली साधी गाडी कधी आणली. इलिनॉयनं २०१७ पासून हॅझर्ड लाइट लावून उभी असलेली कोणतीही गाडी यात घेतली, फ्लोरिडानं २०२४ पासून. आणि कायद्यांचं नाव एक असलं तरी मजकूर वेगळा असतो. टेक्सास आणि फ्लोरिडा लेन बदलता येत नसेल तर वेगमर्यादेपेक्षा ताशी २० मैल कमी वेग मागतात. इलिनॉय नेमका आकडा न देता सुरक्षित वेग मागतं. या दोन्हींना तक्त्यात ‘कायदा आहे’ असा एकच शिक्का मारला की निष्कर्ष धूसर होतो.

याहून मूलभूत अडचण मोजणीचीच आहे. ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेच्या संशोधन प्रतिष्ठाननं २०१५ ते २०२१ या काळात रस्त्याकडेला मदत करताना गाडीखाली गेलेले टो ट्रकवाले आणि इतर मदतनीस शोधले. बातम्या, इतर नोंदी, मिळेल तिथून. त्यांना १२३ सापडले. राष्ट्रीय अपघात नोंदींत त्यांपैकी फक्त ३४ तसे ओळखता येत होते. उरलेले कुठे गेले? मृत्यूची नोंद झाली होती, पण ‘पादचारी’ म्हणून. अपघाताच्या फॉर्मवर तो माणूस कामावर होता, चेन लावायला वाकलेला होता, हे लिहायला धड जागा नव्हती. पोलीस गेला तर त्याची नोंद चार ठिकाणी होते. टो ट्रकवाल्याची होत नाही. आणि याचा आणखी एक परिणाम होतो. उद्या फॉर्म सुधारला आणि नोंद नीट होऊ लागली, तर कायदा झाल्यावर मृत्यू ‘वाढलेले’ दिसतील.

तर मग मोजायचं काय? माझ्या कामात मी कायद्याची कडी कडी सुटी करते. चालकाला नियम माहीत आहे का? माहीत असेल तर दिवे वेळेत दिसले का? दिसले तर शेजारच्या लेनमध्ये जायला जागा होती का? जागा होती तर तो गेला का? नसेल तर वेग किती कमी केला? आणि हे सगळं झाल्यावर काठावर उभ्या माणसाच्या आणि गाडीच्या मध्ये किती अंतर राहिलं? यातली प्रत्येक गोष्ट एका दुपारीत शेकडो गाड्यांवर मोजता येते. मृत्यूंसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

प्रत्यक्षात हे असं होतं. महामार्गावर ओलांडणी पूल असेल तिथून कॅमेरा आणि वेग मोजणारं यंत्र लावायचं. खाली शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर, ठरवून एक गाडी उभी करायची: कधी पोलिसांची, कधी टो ट्रक, कधी नुसती हॅझर्ड लावलेली मोटार. त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळेला, कुणीही उभं नसतानाही मोजायचं, कारण लोक एरवीही लेन बदलत असतात आणि तेवढी बदलाबदल वजा करावी लागते. टक्केवारी काढताना छेदात फक्त शोल्डरला लागून असलेल्या लेनमधल्या गाड्या घ्यायच्या. डावीकडच्या लेनमधून जाणाऱ्याला ‘नियम पाळला’ म्हणून धरलं तर टक्केवारी उगाच फुगते. बाजूची लेन भरलेली होती त्यांचा हिशेब वेगळा ठेवायचा, त्यांच्याकडून फक्त वेगाची अपेक्षा. दाट रहदारीत ‘लेन बदलली’चं प्रमाण नेहमी कमी येतं. तो चालकांचा बेफिकीरपणा समजू नये, तिथे जागाच नसते.

जागेची निवडही विचारपूर्वक हवी. ताशी ६५ मैलांनी जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २९ मीटर कापते. दिवे बघणं, समजणं, आरशात बघणं, सिग्नल देऊन सरकणं, याला आठ-दहा सेकंद लागतात, म्हणजे जवळपास पाव किलोमीटर. वळणापलीकडे किंवा चढाच्या माथ्यामागे उभ्या गाडीजवळ कोणताही कायदा चालकाला ही आठ-दहा सेकंदं देऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक जागेचं दृष्टीअंतर, म्हणजे उभी गाडी किती लांबून दिसते ते, लिहून ठेवा. तुमच्या निष्कर्षात हा फरक इतर कशाहून जास्त दिसण्याची शक्यता आहे.

अशाच पद्धतीच्या ट्रिपल एच्या एका अभ्यासात जवळपास ६४ टक्के चालकांनी लेन बदलली किंवा वेग कमी केला. पोलीस गाडी उभी असताना ६६ टक्के, टो ट्रक असताना ५८. या फरकाकडे नीट बघा. कायदा दोघांना सारखंच संरक्षण देतो, तरी वागणं वेगळं. पोलीस गाडी दिसली की लोक दंडाच्या भीतीनं तसेही पाय उचलतात, कायदा असो नसो. म्हणून नुसत्या पोलीस गाड्यांवर केलेलं मूल्यमापन कायद्याचा प्रभाव वाढवून दाखवतं. नियम चालकांच्या अंगवळणी पडलाय की नाही हे पाहायचं तर टो ट्रकजवळ मोजा.

दंडपावत्यांचे आकडे तुम्हाला सहज मिळतील आणि ते वापरण्याचा मोह होईल. पावत्या वाढल्या म्हणजे उल्लंघनं वाढली असं नाही, आणि घटल्या म्हणजे शिस्त आली असंही नाही. शोल्डरवर थांबलेला ट्रूपर स्वतः कुणाच्या मागे धावू शकत नाही. उल्लंघन करणाऱ्याला पकडायला पुढे दुसरी गाडी लागते. त्यामुळे पावत्या म्हणजे त्या महिन्यात पोलिसांनी किती मनुष्यबळ लावलं याचं माप. ते मापही कामाचं आहे, फक्त ते तक्त्यात ‘कारण’ या बाजूला ठेवा, ‘परिणाम’ या बाजूला नको.

अनपेक्षित परिणामही बघायलाच हवेत, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण उत्तम आहे. न्यू साउथ वेल्सनं सप्टेंबर २०१८ मध्ये प्रायोगिक नियम केला: दिवे लावून उभ्या आपत्कालीन गाडीजवळून ताशी ४० किलोमीटरनंच जायचं. ११० च्या महामार्गावर एकदम ४० वर यायचं म्हणजे मागून येणाऱ्या अवजड ट्रकची काय गत होईल, ही भीती लगेच व्यक्त झाली. सरकारनं वर्षभरात पुनर्विचार केला. २६ सप्टेंबर २०१९ पासून ९० किंवा अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यांवर ४० चा आकडा गेला. तिथे परिस्थितीला साजेसा वेग कमी करायचा आणि जमेल तर लेन बदलायची. खालच्या वेगाच्या रस्त्यांवर ४० कायम राहिला, आणि टो ट्रकही संरक्षणात आले. मूल्यमापनाचा उपयोग असा व्हावा. तुमच्याही अभ्यासात उभ्या गाडीच्या मागच्या एक-दीड किलोमीटरमध्ये किती जणांनी कचकचून ब्रेक मारले, कुठे मागून धडक झाली, हे मोजा. काठावरच्या माणसाचा धोका कमी करून तो मागच्या गाडीतल्या कुटुंबावर ढकलला असेल, तर ते कळलंच पाहिजे.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ज्यांच्या नावानं तुमच्या राज्याचा कायदा आहे ते लेफ्टनंट स्कॉट गिलन शिकागो अग्निशमन दलात होते. डिसेंबर २००० मध्ये बिशप फोर्ड एक्सप्रेसवेवर एका अपघाताच्या जागी काम करताना दारू प्यायलेल्या चालकानं त्यांना उडवलं. लेन बदला असं सांगणारा नियम दारू प्यायलेल्या, झोपलेल्या किंवा फोनमध्ये डोकं घातलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचतो ते शुद्धीवर असलेल्या, समोर बघणाऱ्या चालकापर्यंत. म्हणून अपघात अहवाल वाचताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: या चालकानं नियम पाळणं त्या क्षणी शक्य होतं का? बर्फावरून घसरलेली, उलट्या दिशेनं आलेली, शुद्ध हरपलेल्या चालकाची गाडी वेगळी काढा. उरलेले अपघात हेच कायद्याचं खरं कार्यक्षेत्र. ते निम्म्याहून कमी निघाले तर तुमच्या टिपणाला वेगळं वळण मिळेल, आणि ते मिळू द्या. कारण त्या दुसऱ्या गटासाठी उपाय वेगळे आहेत: गाडी तिरकी उभी करून आडोसा करणं, मोठा बंब मागे ठेवणं, आणि सगळ्यात परिणामकारक म्हणजे काम लवकर उरकून रस्ता मोकळा करणं. जोखीम शेवटी काठावर घालवलेल्या मिनिटांवर ठरते. २० मिनिटांचं काम १० मिनिटांत झालं तर धोक्याचा कालावधी निम्मा होतो, चालक सुधारोत न सुधारोत. २०१२ पासून देशभर पोलीस, अग्निशमन आणि टो वाल्यांना एकत्र बसवून हेच शिकवलं जातंय. तुमच्या छेदात ‘दर वर्षी’ऐवजी ‘काठावरच्या दर हजार तासांमागे’ असं माप आलं तर अनेक प्रश्न आपोआप सुटतील. शिकागोच्या एक्सप्रेसवेंवर राज्य परिवहन विभागाची ‘मिनिटमेन’ गस्त कित्येक दशकं फिरतेय. अशा गस्तीच्या नोंदी हे माप काढायला सगळ्यात उपयोगी पडतात.

मुंबई-पुण्याबद्दल. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ई आहे: सायरन वाजवत येणाऱ्या रुग्णवाहिकेला, बंबाला वाट दिली नाही तर १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ते धावत्या गाडीसाठी आहे. क्रेनचा हुक लावणारा माणूस, १०८ चा डॉक्टर, महामार्ग पोलीस, द्रुतगती मार्गावरच्या ‘देवदूत’ बचाव पथकातली पोरं, यांना उभं राहून काम करताना जो धोका असतो तो वेगळा, आणि त्यांच्यासाठी नियम यावा असं मला ठाम वाटतं. पण अमेरिकेचा मजकूर उचलून चालणार नाही. बोरघाटात ट्रक सगळ्या लेन व्यापून चढत असतात. तिथे ‘लेन बदला’ला अर्थ नाही, तिथे वेगाचाच नियम हवा आणि उभ्या गाडीच्या बऱ्याच आधी सूचना देणारी माणसं किंवा फलक हवेत. सपाट भागात लेन बदलण्याचा नियम चालू शकेल. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून वेग टिपणारे कॅमेरे आहेत. नियम येण्याआधी वर्षभर त्याच कॅमेऱ्यांतून उभ्या क्रेनजवळचे वेग वेगळे काढून ठेवले, तर नंतर तुलना करायला कायद्याआधीचं चित्र हातात असेल.

तुमच्या टिपणासाठी आता एवढं करा. २०१९-२० ची तुलना ठेवा, पण ती का फसवी आहे हे दाखवण्यासाठी. मुख्य भाग कडीनुसार मांडा आणि प्रत्येक कडीला ‘पुरावा भक्कम’, ‘पुरावा कच्चा’, ‘मोजलंच नाही’ असं स्पष्ट लिहा. इलिनॉयच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज केलात तर सरकारी कार्यालयाला पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, किंवा मुदतवाढ घेत असल्याचं कळवावं लागतं. तीन गोष्टी मागा: २०१५ पासून राज्य पोलिसांच्या उभ्या गाड्यांना बसलेल्या धडकांचे अहवाल, त्यातल्या वर्णनाच्या मजकुरासह, त्याच काळात ट्रूपर रस्त्याकडेला कधी थांबले आणि कधी निघाले त्या वेळा, आणि स्कॉट्स लॉच्या पावत्या, तारीख आणि ठिकाणासह. टो ट्रकवाल्यांचं सरकारकडे फारसं काही मिळणार नाही. त्यासाठी तुमच्या भागातल्या दोन-तीन टोइंग कंपन्यांना फोन करा आणि ‘आरसा उडाला’, ‘दरवाजा गेला’ अशा किरकोळ धडकांची वही कुणी ठेवतं का, ते विचारा.